भजनी ठेक्यापासून बड्या ख्यालापर्यंत : शास्त्रीय संगीताच्या पॉडकास्टचा आढावा

शास्त्रीय संगीताची ओळख करून देणारा पॉडकास्ट काढायचा म्हटले की करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोनच श्रोते असतात. एक नवखा, त्याला सम म्हणजे काय इथपासून सांगायचे. दुसरा जाणकार, त्याच्यासमोर घराण्यांची चर्चा करायची. दिघीसारख्या ठिकाणी ही वाटणी टिकत नाही.

आळंदी रस्त्यावरचे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. एका अंगाला लष्कराची हद्द, दुसऱ्या अंगाला भोसरीची एमआयडीसी आणि पुढे मोशीवरून चाकणपर्यंत पसरलेला कारखान्यांचा पट्टा. कामासाठी इथे येऊन राहिलेली कुटुंबे मराठवाड्यातली, खानदेशातली, विदर्भातली. आषाढात माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते ती याच दिघीतून, मॅगझीन चौकावरून. इथल्या कितीतरी घरांत ख्याल कधी वाजलेला नाही. पण हरिपाठ, काकडा, भजनी मंडळ आणि पखवाज लहानपणापासून कानांवर आहेत. आठ मात्रांचा भजनी ठेका टाळावर न चुकता धरणाऱ्या माणसाला तालाच्या बाबतीत नवखे कसे म्हणायचे? सम कुठे पडते हे त्याच्या हाताला ठाऊक असते. त्याच्या कानाला जे येते त्याचा धागा ख्यालाशी कुणी जोडून दिलेला नाही, एवढेच.

शास्त्रीय संगीत सोपे करून सांगण्याचे आजवरचे प्रयत्न पाहिले तर जे टिकले त्यांनी हा धागा जोडला, आणि जे फसले त्यांनी श्रोत्याला कोरी पाटी मानले असे दिसते. पॉडकास्ट या नव्या माध्यमालाही हीच कसोटी लावायला हवी.

रंगभूमी, पुस्तके आणि सप्रयोग व्याख्याने

मराठी माणसाला रागसंगीताची गोडी आधी नाटकाने लावली. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांच्या चाली होत्या, १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांच्या. बुवांनी बैठकीतला ऐवज पदांमध्ये आणला आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून तो गावोगाव पोचला. ज्याने यमनचे नावही ऐकले नव्हते, त्याच्या ओठांवर ‘नाथ हा माझा’मधून यमन आला. कुणी राग समजावला नाही. पद आवडले आणि राग मागोमाग आला.

त्याच काळात दुसऱ्या बाजूने शास्त्र मांडण्याचे काम चालू होते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून तालीम वर्गात आणली. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या पेटाऱ्यातल्या बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त स्वरलिपीसह छापल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. त्यांचे ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे मोठे ग्रंथ मराठीत आहेत आणि ते गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेले आहेत. शिष्य शंका विचारतो, गुरू उलगडून सांगतो. दोन माणसे माइकसमोर बसून बोलतात हा आजच्या पॉडकास्टचा साचा कागदावर तेव्हाच तयार होता. उणीव होती ती आवाजाची.

ती उणीव सप्रयोग व्याख्यानाने भरून काढली. वसंतराव देशपांडे यांचा ‘मराठी नाट्यसंगीताची वाटचाल’ हा कार्यक्रम त्यातला सर्वांत रसाळ नमुना. एखादी चाल कुठून आली, कुणी गाताना ती कशी बदलली, हे वसंतराव बोलता बोलता गाऊन दाखवत. बोलणे कुठे संपले आणि गाणे कुठे सुरू झाले ते कळत नसे. अशोक दा. रानडे यांनी ‘देवगाणी’, ‘बैठकीची लावणी’ असे विषय घेऊन गाणे आणि विवेचन यांची बांधेसूद गुंफण केली. पुण्यात ‘गानवर्धन’ने कलाकार, अभ्यासक आणि रसिक यांना एकत्र बसवून मुक्त संगीत चर्चासत्रे घडवली. या सगळ्या खटाटोपाची मर्यादा एकच होती : सभागृहात जेवढे लोक मावतील तेवढ्यांनाच ते मिळे, आणि ती सभागृहे बहुतेक करून पुण्या-मुंबईच्या ठरावीक वस्त्यांत होती.

तीन मिनिटांची तबकडी आणि रेडिओची सक्ती

१९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि हिंदुस्थानी संगीत तबकडीवर आले. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. तासभर चालणाऱ्या रागाचे काय होणार अशी भीती साहजिक होती. प्रत्यक्षात थोर कलाकारांनी त्या चिमटीत रागाचा अर्क बसवला. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका मुलाने तबकडीवर ऐकली आणि असे गाणे शिकायचे म्हणून १९३३ मध्ये घर सोडले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी अशीच साडेतीन मिनिटांची. १९७७ मध्ये ती व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेली. कमी वेळ हा काही रागसंगीताचा शत्रू नाही, हे तबकडीने सिद्ध केले. मात्र त्या तीन मिनिटांत अखंड गाणे होते, मध्ये कुणी बोलत नव्हते. ही गोष्ट आजच्या पॉडकास्टकर्त्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

रेडिओची कथा वेगळी आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये उघडले, शेकडो कलाकारांना आधार मिळाला. पण लोकांची अभिरुची सुधारण्यासाठी त्यांनी सिनेसंगीताला जवळजवळ दार बंद केले, आणि लोकांनी काटा रेडिओ सिलोनवर नेऊन ठेवला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीला सिनेगीतांकडे परतावे लागले.

गंमत अशी की शास्त्रीय संगीताची सर्वांत परिणामकारक ओळख पुढे याच विविध भारतीने करून दिली. ‘संगीत सरिता’ हा सकाळचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम एक राग घेतो, त्याचे आरोह-अवरोह आणि चलन सांगतो, बंदिशीचा नमुना ऐकवतो आणि त्याच रागातले सिनेगीत वाजवतो. श्रोत्याच्या हातात आधीच असलेले गाणे घेऊन त्याला रागापर्यंत नेणे ही त्याची रीत. ज्या सिनेसंगीताला केसकरांनी हाकलले होते तेच इथे वाटाड्या झाले. पुढे २०१६ च्या प्रजासत्ताक दिनापासून आकाशवाणीने ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताला वाहिलेली वाहिनी सुरू केली. ऐकायला भरपूर झाले. पण कुठून सुरुवात करावी या नवख्याच्या प्रश्नाला चोवीस तासांची वाहिनी उत्तर देत नाही.

इंटरनेटवर काय आहे

१९९९ मध्ये निंबस या कंपनीने ‘द राग गाइड’ काढले. ७४ रागांची माहिती आणि सोबत चार सीडी. हरिप्रसाद चौरसिया, बुद्धदेव दासगुप्ता, श्रुती सडोलीकर-काटकर आणि विद्याधर व्यास यांनी प्रत्येक राग जुन्या तबकड्यांसारखा काही मिनिटांत मांडला. वाचा आणि लगेच ऐका, ही जोडी इथे पक्की जमली. मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर यांनी तीच जोडी इंटरनेटवर आणली. एकेका रागावर दीर्घ लेख आणि प्रत्येक मुद्द्याला पुरावा म्हणून ध्वनिफीत, तीही अनेकदा दुर्मीळ खासगी मैफलींतली. रागाच्या एखाद्या स्वरसंगतीवर वाद असेल तर ते चार गायकांचे चार तुकडे पुढे ठेवतात आणि निवाडा कानावर सोपवतात. जाणकारासाठी याहून सकस काही क्वचितच मिळेल. इंग्रजी आणि पारिभाषिक भार यांमुळे भोसरीतल्या तरुणाला ते लांबचे वाटते हेही खरे. लंडनच्या ‘दरबार’ या २००६ पासूनच्या महोत्सवाने उत्तम प्रतीचे चित्रण आणि नेमकी टिपणे देऊन यूट्यूबवर जगभर श्रोते मिळवले.

पॉडकास्ट हा शब्द २००४ चा. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि आपल्याकडे हे माध्यम खऱ्या अर्थाने पोचले. ‘मित्रम्हणे’, ‘थिंक बँक’, ‘अमुक तमुक’ अशा कार्यक्रमांनी मराठी माणसाला तासभराचे बोलणे ऐकण्याची सवय लावली. शास्त्रीय संगीताच्या वाट्याला मात्र यातून मुख्यतः मुलाखत आली. गुरूंचा कडकपणा, पहाटेचा रियाज, पहिली मैफल, मिळालेली दाद. हे ऐकायला गोड लागते, काही आठवणी तर जपून ठेवाव्यात अशा असतात. पण तासाभरानंतर श्रोत्याला कलाकाराचे आयुष्य कळते, त्याचे गाणे कळत नाही. दुसरा प्रकार रागाची माहिती देणारा : थाट, वादी-संवादी, वेळ. त्यात बहुधा परीक्षेच्या गाइडाचा वास येतो. वादी स्वर गंधार आहे हे सांगून होते. गंधारावर थांबल्यावर काय वाटते ते ऐकवायचे राहून जाते.

पश्चिमेकडे या बाबतीत चांगले नमुने आहेत. लिओनार्ड बर्नस्टाइनने १९५८ ते १९७२ या काळात मुलांसाठी केलेल्या मैफलींत मंचावर अख्खा वाद्यवृंद होता. एखादा मुद्दा बोलून झाला की तो तिथल्या तिथे वाजवून दाखवला जाई. जोशुआ वाइलरस्टाइन हा वाद्यवृंद संचालक २०१७ पासून ‘स्टिकी नोट्स’ हा पॉडकास्ट करतो. बहुतेक भागांत एकच रचना घेऊन तो ती तुकड्या-तुकड्याने उलगडतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाट सापडते आणि शंभर वेळा ऐकलेल्याला निसटलेली जागा दिसते. बीबीसीवर १९५७ पासून चालत आलेल्या एका सदरात एकाच रचनेची अनेक ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून तुलना होते. माहितीपर बडबड टाळून एक रचना हातात घ्यायची, ही या सगळ्यांची रीत. आपल्याकडे एक बंदिश, एक ध्वनिमुद्रण घेऊन अर्धा तास तिच्यातच रमणारा नेमाने चालणारा मराठी कार्यक्रम हवा आहे.

आवर्तन, आवाज आणि कायदा

पाश्चात्त्य नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही, कारण ख्यालाचा काळ निराळा आहे. विलंबित एकतालाच्या मात्रा बारा. किराणा घराण्याच्या वळणाच्या संथ लयीत एक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, म्हणजे एक आवर्तन ४८ सेकंदांपासून मिनिटभराचे. निवेदकाने वीस सेकंदांचा तुकडा वाजवून लगेच बोलायला सुरुवात केली तर श्रोत्याला सम भेटतच नाही. मुखडा सुटतो कसा, आलाप आवर्तनात भरतो कसा, समेकडे येण्याची ओढ कशी तयार होते, हे सगळे त्या मिनिटात घडते. म्हणून ख्यालाच्या पॉडकास्टचा पहिला नियम असा असावा : तुकडा द्यायचा तर किमान दोन पूर्ण आवर्तनांचा, आणि त्यावर बोलायचे नाही. रेडिओपेक्षा या माध्यमाचा मोठा फायदा म्हणजे मागे जाऊन पुन्हा ऐकता येते. ‘आता हाच भाग मागे घेऊन सम बोटावर धरून पाहा’ असे सांगणारा निवेदक श्रोत्याला कामाला लावतो. कान असाच तयार होतो.

दुसरी अडचण आवाजाची. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ७० च्या आसपास. मोबाइलचा चिमुकला स्पीकर एवढे खालचे स्वर नीट वाजवूच शकत नाही. डग्ग्याचा घुमारा आणि खर्जाचा भरणा त्यात वाहून जातो, उरते ती चाटीची टिकटिक. बसच्या घरघरीत तर संथ आलापीही बुडते. ‘हे संगीत रटाळ आहे’ या तक्रारीतला काही वाटा या स्पीकरचा आहे. साधे इअरफोन लावा, ही सूचना पहिल्याच भागात द्यायला हवी. आणि प्रवासात ऐकायचा भाग द्रुत बंदिश, तराणा, तबला यांवर बेतावा, विलंबित रात्रीच्या निवांतपणासाठी राखावा.

तिसरी अडचण हक्कांची. १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९६० च्या आधी निघालेल्या तबकड्या आता मोकळ्या आहेत : अब्दुल करीम खाँ, केसरबाई आणि त्या पिढीचे तबकड्यांवरचे सगळे वैभव. अलीकडच्या ध्वनिमुद्रणांतले छोटे उतारे समीक्षेसाठी वापरण्याची सवलत कायद्यात आहे. पण यूट्यूबसारख्या मंचावरची यंत्रणा समीक्षा आणि चोरी यांत फरक करत नाही, ती सूर जुळला की दावा ठोकते. यातून सुटायचा राजमार्ग वसंतरावांचा : ऐकवायचे ते स्वतः गायचे किंवा गाणाऱ्याला शेजारी बसवायचे.

जाणकाराला काय द्यायचे

अनुभवी श्रोत्याचे दुखणे वेगळे. त्याची आवड पक्की झालेली असते आणि तिच्याभोवती कुंपणही. त्याच्यासाठी माहितीचा नवा ढीग लागत नाही, ऐकण्याचा नवा कोन लागतो. वामनराव देशपांडे यांनी १९६१ च्या ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय अशी दोन टोके कल्पून घराण्यांची जागा ठरवली : किराणा स्वराच्या टोकाकडे, आग्रा लयीच्या टोकाकडे, आणि जयपूर-अत्रौली दोन्हींचा तोल साधणारे. सिद्धांत देखणा आहे, त्यावर वादही पुष्कळ झाले. कागदावर तो मान्य करावा लागतो किंवा नाकारावा लागतो. पॉडकास्टमध्ये तो तपासता येतो. एकच राग तिन्ही वळणांत लागोपाठ ऐकवा. कुणी लय मोकळी सोडली, कुणी बोलांनी तिच्याशी झुंज घेतली, कुणी आवर्तनाच्या प्रत्येक मात्रेचा हिशेब ठेवला, हे ऐकणाऱ्यालाच ठरवू द्या. हाच भाग नवख्यालाही जड जाणार नाही, कारण तीन माणसे एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगताहेत एवढे कळायला व्याकरण लागत नाही.

दिघीसाठी कार्यक्रम

दिघी-भोसरी परिसरात संगीत पोचत नाही असे नाही. महापालिकेची संगीत अकादमी आहे, स्वरसागर महोत्सव होतो, भोसरीत अंकुशराव लांडगे नाट्यगृह आहे. आळंदीत जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापलेली वारकरी शिक्षण संस्था आहे आणि पखवाज-गायन शिकणाऱ्या मुलांनी ते गाव भरलेले आहे. अडते ते वेळेवर. तीन पाळ्यांत काम करणाऱ्याची सुट्टी आणि मैफलीची संध्याकाळ जुळत नाहीत.

पॉडकास्टची खरी सोय इथे आहे, आणि ती रागांच्या वेळेशी विलक्षण जुळते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनंतर रात्री दहाच्या पुढे ध्वनिवर्धक बंद झाले. त्यामुळे रात्रभर रंगणारी मैफल दुर्मीळ झाली आणि मालकंस, दरबारी हे उत्तररात्रीचे राग महोत्सवांत घड्याळ बघत गावे लागतात. दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री घरी येणाऱ्या कामगाराच्या इअरफोनवर मात्र मालकंस त्याच्या खऱ्या वेळी वाजू शकतो. पहिल्या पाळीच्या बसमध्ये अहीर भैरव, रात्रपाळी संपवून परतताना तोडी. रागसमयाचे पालन सभागृहापेक्षा चाकणच्या पाळ्यांत जास्त काटेकोर होईल.

सुरुवात अहीर भैरवापासूनच करावी. राम फाटक हे पुणे आकाशवाणीशी जोडलेले संगीतकार. त्यांनी चाल दिलेला आणि भीमसेन जोशींनी गायलेला ‘तीर्थ विठ्ठल’ हा अभंग दिघीत कुणाला माहीत नाही असे होणार नाही. तो याच रागात आहे. ऋषभ आणि निषाद कोमल, बाकी स्वर शुद्ध. आधी अभंग, मग ‘मेरी सूरत तेरी आँखें’ या १९६३ च्या चित्रपटातले सचिन देव बर्मन यांचे त्याच रागातले गीत, मग फक्त कोमल ऋषभावरचे आंदोलन, आणि शेवटी विलंबित ख्यालाची दोन आवर्तने, मध्ये न बोलता. दुसऱ्या भागात आळंदीच्या एखाद्या पखवाजवादकाला आणि एखाद्या तबलजीला समोरासमोर बसवून भजनी ठेक्याच्या आठ मात्रांतून तीनतालाच्या सोळा मात्रांकडे जावे. तालातली काल, म्हणजे खाली, कशी दाखवतात ते दोघांच्या हातांतून ऐकवावे. भजनी मंडळातल्या बायकांना बोलवावे, कारण एखादा अभंग दरवेळी त्याच चालीत का घेतात आणि कुठे वळवतात याची उत्तरे त्यांच्याकडे आहेत. अशा बोलण्यातून जाणकार श्रोत्यालाही वारकरी चालींचे एक दालन उघडेल, जे ख्यालाच्या चर्चेत सहसा येत नाही.

मालिकेचा शेवटचा भाग निवेदनाशिवाय असावा : एक अखंड ख्याल, विलंबितापासून द्रुतापर्यंत. पहिल्या भागापासून आलेला श्रोता तो पूर्ण ऐकतो की मध्येच बंद करतो, यावर आधीच्या सगळ्या भागांचे मूल्यमापन व्हावे. श्रोत्यांच्या संख्येपेक्षा हा निकष कडक आहे, आणि संगीत शिकवू पाहणाऱ्या कार्यक्रमाला तोच लावणे न्याय्य आहे. लागणारी माणसे, जुनी ध्वनिमुद्रणे आणि तयार होत आलेला श्रोता हे सगळे आळंदी ते पुणे या पट्ट्यातच आहे. उणीव आहे ती गाणाऱ्याला गाऊ देऊन स्वतः वेळेवर थांबणाऱ्या संपादकाची.